जर्मन चांदीचा घड्याळ-स्टँड: शिक्का, बांधणी, सफाई आणि रोजचा वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत जुन्या वस्तूंच्या दुकानातून खिशातल्या घड्याळाचा चांदीचा स्टँड घेतला आहे. उंची साधारण २२ सेंटिमीटर. बैठकीवर वेलबुट्टी आणि पंखवाली दोन बाळं, वर गोल कडं, कड्याच्या आत घड्याळ टांगायचा आकडा (हुक), मागे छोटी झडप. तळाशी मुकुट, चंद्रकोर, ८०० हा आकडा आणि शेजारी पाइनच्या फळासारखा एक बारीक ठसा. विकणाऱ्याने ‘ऑग्सबुर्ग, सतरावं शतक’ असं सांगितलं. ते खरं का, वस्तू साफ कशी करायची, आणि आजोबांचं घड्याळ तिच्यात रोज टांगलं तर चालेल का?

आधी उत्तर. स्टँड ऑग्सबुर्ग या जर्मन शहराचा नाही आणि सतराव्या शतकातला तर मुळीच नाही. चांदी बहुधा खरी आहे, वस्तू १८८८ नंतरची आहे आणि वर्णनावरून ती जर्मनीतल्या हानाऊ शहराची असण्याची शक्यता सर्वात जास्त. यात निराश होण्यासारखं काही नाही. हानाऊची चांगली कामं आज स्वतःच्या नावावर संग्रहात ठेवली जातात.

वयाचा निकाल मुकुट आणि चंद्रकोरच लावतात. जर्मन साम्राज्याने सोन्याचांदीच्या शुद्धतेचा कायदा १८८४ साली केला आणि तो १ जानेवारी १८८८ पासून लागू झाला. त्यानुसार हजारात किमान ८०० भाग चांदी असलेल्या वस्तूवर चंद्रकोर, मुकुट, शुद्धतेचा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण मारायची. म्हणजे हे चिन्ह त्याआधीच्या वस्तूवर असूच शकत नाही. मात्र उलटा अर्थ काढू नका. हे चिन्ह आजही चालू आहे, त्यामुळे ते दिसलं म्हणजे वस्तू शंभर वर्षांची झाली असं होत नाही. सोबत ‘जर्मनी’ किंवा ‘मेड इन जर्मनी’ कोरलेलं असेल तर ती निर्यातीची वस्तू. ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं, अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरची, हे उघडच आहे.

१८८८ पूर्वी जर्मन चांदी ‘लोट’मध्ये मोजत. १६ लोट म्हणजे शुद्ध. १२ लोट म्हणजे हजारी ७५०, १३ लोट म्हणजे ८१२.५. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वस्तूंवर नुसता १२ किंवा १३ आकडा दिसतो तो हाच. पाइनचं फळ हे ऑग्सबुर्गचं शहरचिन्ह, न्यूरेंबर्गचं चिन्ह ‘एन’ हे अक्षर. अठराव्या शतकात ऑग्सबुर्गच्या फळाखाली सालाचं अक्षरही येऊ लागलं. शहराच्या चिन्हाजवळ कारागिराचा वेगळा ठसा असतो, आणि बऱ्याच अस्सल वस्तूंच्या तळाशी नागमोडी ओरखडा सापडतो. कस पाहण्यासाठी चांदीचा किंचित कीस खरवडून घेत, त्याची ती खूण. तुमच्या वस्तूवर जुन्या शहराचं फळ आणि नव्या साम्राज्याचा मुकुट शेजारी शेजारी आहेत. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, आणि मुकुट खोटा मारायचं कुणाला काही कारण नव्हतं.

मग फळ कुठून आलं? हानाऊतून. फ्रँकफुर्टजवळच्या या गावात १५९७ मध्ये वालून (फ्रेंच बोलणाऱ्या) आणि डच निर्वासितांनी नवं शहर वसवलं, त्यांच्यात सोनार-जवाहिरे होते. १७७२ मध्ये तिथे सोनारांसाठी चित्रकलेची शाळा निघाली, ती अजून चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या शैलीच्या चांदीला युरोप-अमेरिकेत मोठी मागणी आली आणि हानाऊने तो बाजार काबीज केला. श्लाइसनर (१८१७ पासून), नेरेसहाइमर (१८९० पासून), श्टॉर्क उंड झिन्सहाइमर, गेओर्ग रोट ही त्यातली मोठी नावं. शिडाची जहाजं, हस्तिदंती चेहऱ्याचे शूरवीर, पेले, टेबलावरची घड्याळं, घड्याळांचे स्टँड असा सगळा माल ते बनवत आणि त्यावर जुन्या जर्मन किंवा फ्रेंच शिक्क्यांच्या धर्तीवर मनाने रचलेले ठसे मारत. कारखाने हा माल जुन्या शैलीतला नवा माल म्हणून उघड विकत. त्याला ‘सतरावं शतक’ चिकटतं ते पुढच्या हातांत.

आपल्याकडे अशी चांदी बऱ्याचदा इंग्लंडमार्गे आली, म्हणून ब्रिटिश आयात-शिक्के नीट पाहा. १८६७ पासून परदेशी चांदीवर जादा ‘एफ’ मारत. १९०४ पासून कस तपासून शिक्का मारणाऱ्या प्रत्येक कसोटी-कार्यालयाचं आयातीसाठी वेगळं चिन्ह आलं. इंग्लंडमधल्या चेस्टरचं चिन्ह ओकचं फळ आणि दोन पानं. नेरेसहाइमरचा बराच माल बर्टहोल्ड म्युलर या आयातदाराच्या नावाने चेस्टरमधून गेला. असा शिक्का सापडला तर त्याच्या सालाच्या अक्षरावरून नेमकं वर्ष निघतं, जे जर्मन शिक्क्यावरून कधीच निघत नाही. तो तळाशीच असेल असं नाही. कड्याच्या आत, झडपेच्या काठावर, बाळांच्या पंखामागेही शोधा. आणि एक स्त्रीमुख दिसलं, तिच्या जवळ १ ते ४ मधला आकडा असला, तर ती डायना. म्हणजे वस्तू जर्मन नव्हे, ऑस्ट्रिया-हंगेरीची. आकडा ३ म्हणजे ८०० शुद्धता. मीनाकारीचे व्हिएन्नाचे कितीतरी स्टँड ‘जर्मन’ म्हणून विकले जातात.

शिक्का खोटा मारता येतो, बांधणी खोटी करणं महाग पडतं. म्हणून शिक्क्याआधी वस्तू उलटी करून पाहायची सवय ठेवा.

झडप उघडा आणि नक्षीच्या पत्र्याची मागची बाजू विजेरीच्या तिरक्या उजेडात पाहा. हाताने उठाव काम केलेलं असेल तर प्रत्येक पानामागे छिन्नीच्या टोकाचे छोटे खळगे दिसतात, शेजारची दोन पानं सारखी नसतात, आणि जिथे पत्रा जास्त ताणला गेला तिथे तो पातळ लागतो. पोलादी साच्यात दाबून काढलेल्या पत्र्याची मागची बाजू गुळगुळीत असते आणि नक्षीचा एकच तुकडा जसाच्या तसा पुन्हा येतो. डावं आणि उजवं फूल भिंगाखाली धरा. एकाच जागी एकच बारीक दोष दोन्हींत असेल तर साचा नक्की. विजेच्या साहाय्याने धातू साचवून काढलेली नक्कल असेल तर पुढून कमालीची रेखीव आणि मागून दाणेदार, खरखरीत. ओतीव बाळांच्या काखेत, पंखांच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. गोल बैठकीच्या आत एकाभोवती एक बारीक वर्तुळं असतील तर ती फिरत्या यंत्रावर दाबून घडवलेली आहे. या खुणांनी वस्तू वाईट ठरत नाही, काळ ठरतो. हानाऊच्या उत्तम कामात साचा, ओतकाम आणि वरून हाताची कोरणी हे तिन्ही एकत्र सापडतात, आणि त्या कोरणीचा दर्जा हाच मोलाचा खरा आधार आहे. बाळांचे केस आणि बोटं पाहा. ओतल्यावर छिन्नी फिरवली असेल तर केसांच्या रेषांना धार असते. नसेल तर चेहरा साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा गुळगुळीत वाटतो.

नट-स्क्रूही बोलतात. जुन्या कामात आटे हाताने पाडलेले, नट चौकोनी आणि प्रत्येक वेगळा, म्हणून तो ज्याचा त्यालाच बसतो. सगळे नट एकसारखे, आटे समान अंतराचे, तर यंत्रयुग.

स्टँडमध्ये आणखी एक चांगला पुरावा आहे, ज्याकडे विकणारे बघतही नाहीत. तो म्हणजे घड्याळाच्या कप्प्याची खोली. अठराव्या शतकातली घड्याळं जाड असत, दुहेरी डबीसह २५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. १८९० च्या आसपासचं साधं घड्याळ १२ ते १६ मिलिमीटर भरतं. कप्पा १५ मिलिमीटर खोल असेल तर तो जुन्या जाड घड्याळासाठी केलेलाच नाही, नक्षी कितीही जुनी दिसो. काळी झालेली चांदीही पुरावा धरू नका. खोलगट भाग मुद्दाम गंधकाच्या द्रावणाने काळे करण्याची पद्धत तेव्हाही होती. खरी झीज जिथे हात लागतो तिथेच असते: कड्याचा वरचा भाग, झडपेचा काठ, पायांचा तळ. सगळीकडे एकसारखी झीज संशयास्पद.

आता चांदी आहे की मुलामा. आपल्या बाजारात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात त्यात चांदीचा कणही नसतो. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे, सॅक्सनीतल्या श्नेबर्गच्या गाइटनरने १८२३ च्या सुमारास प्रचारात आणलेलं. घराघरात ‘जर्मन’ म्हणत ती भांडी तर ॲल्युमिनियमची. तिसरा गोंधळ आकड्यांचा. जर्मन वस्तूवर नुसता ९० किंवा १०० दिसला की लोक नव्वद टक्के चांदी समजतात. तो मुलाम्यात वापरलेल्या चांदीच्या ग्रॅमचा आकडा असतो, ठरावीक क्षेत्रफळासाठी, म्हणजे साधारण डझनभर चमचे आणि डझनभर काट्यांसाठी. गाइसलिंगनच्या डब्ल्यूएमएफ कारखान्याने १९०० च्या सुमारास जुगेंडश्टिल, म्हणजे त्या काळच्या वळणदार रेषांच्या जर्मन शैलीतल्या, सुंदर वस्तू काढल्या. त्यातल्या बहुतेक मुलाम्याच्या आहेत आणि तरीही संग्राह्य आहेत. त्या चांदीच्या भावाने घेऊ नका, एवढंच.

घरी करण्यासारखी बिनधोक चाचणी घनतेची आहे, पण ती अख्ख्या स्टँडवर करू नका, कारण बैठकीत राळ किंवा प्लास्टर भरलेलं असतं. सुटा होणारा भाग घ्या, उदाहरणार्थ स्क्रू काढून मोकळं होणारं कडं. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर त्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि कडं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला न टेकवता. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. कडं ६१.२ ग्रॅम आणि आकडा ६.० आला तर घनता १०.२. ८०० च्या चांदीची घनता १०.१ च्या आसपास असते, स्टर्लिंगची (हजारी ९२५ चांदीची) १०.४ च्या जवळ. तोच आकडा ७.० आला तर घनता ८.७, म्हणजे निकेल-मिश्रण किंवा पितळ. नक्षीत हवेचे बुडबुडे अडकले की आकारमान जास्त दिसतं आणि खरी चांदीही खोटी ठरते. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि भाग बुडवल्यावर हलवा. कडं २० ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर या काट्याचा भरवसा नको.

झवेरी बाजारात क्ष-किरण यंत्रावर टंच काढून मिळतो, तोही चालेल. मात्र ते यंत्र पृष्ठभागच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा त्याला फसवू शकतो. झिजलेल्या उंचवट्यावर आणि आतल्या बाजूला, दोन्हीकडे मोजायला सांगा. आम्ल टाकून तपासायला दर्शनी भाग कधीही देऊ नका, डाग राहतो.

सफाईबद्दल माझं मत ठाम आहे: जितकी कमी तितकी चांगली. प्रत्येक उजळ्याबरोबर चांदी जाते आणि कोरणीची धार बोथट होते. खोलगट भागातला काळेपणा नक्षीला उठाव देतो, तो काढायचा नसतो. चिंच, राख, दंतमंजन, रांगोळी या घरच्या गोष्टी देवाच्या भांड्यांना ठीक, इथे नकोत. दंतमंजन आणि रांगोळीचे कण चांदीवर चरे पाडतात, चिंचेचं आम्ल सांध्यांत आणि बैठकीच्या आत शिरून बसतं. बाजारात मिळणाऱ्या बुडवायच्या द्रावणांत आम्ल आणि थायोयुरिया असतं. त्याने काळेपणा क्षणात जातो, पण पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत होतो आणि पुढच्या वेळी आधीपेक्षा लवकर काळा पडतो. ॲल्युमिनियमची पन्नी आणि सोड्याच्या गरम पाण्याचा उपाय साध्या चमच्यासाठी ठीक. स्टँडसाठी नाही, कारण तो उंचवटे-खळगे सगळं सपाट पांढरं करतो आणि पाणी आतल्या राळेपर्यंत पोचवतो.

करायचं ते असं. घड्याळ आणि मखमलीची गादी बाहेर काढा. शेळीच्या केसांच्या मऊ ब्रशने धूळ झाडा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचे दोन थेंब टाकून कापसाचा बोळा ओलसर करा आणि एकेक भाग पुसा, लगेच स्वच्छ ओलसर बोळ्याने पुन्हा पुसा, मग सुती कापडाने कोरडा करा. वस्तू पाण्यात बुडवायची नाही. एवढ्यावर काम भागलं नाही तरच अगदी बारीक, शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची पूड डिस्टिल्ड वॉटर आणि थोड्या स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप करा आणि फक्त उंचवट्यांवर हलक्या हाताने फिरवा. पूड खळग्यात सुकू देऊ नका, नंतर पांढरी पुटं निघत नाहीत. सोन्याचा मुलामा असलेल्या भागावर लेप अजिबात नको. मोती, मीनाकारी, रंगीत खडे यांना पाणीही लागू देऊ नका. वाळवायला केस सुकवायचं यंत्र वापरू नका, गरम हवेने बैठकीतली राळ मऊ होऊन सांध्यातून बाहेर येते.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. म्हणून कपाटात रबर, रबरी पट्ट्या, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र ठेवू नका. मुंबई-कोकणात दमटपणा भर घालतो. बंद काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि चांदीसाठी मिळणारं काळपट-रोधक कापड ठेवलं तर पावसाळा सुखाने जातो. सिलिका जेल ओलावा पिऊन रंग बदलतं, तेव्हा ते भाजून पुन्हा कोरडं करावं लागतं. वस्तू हाताळताना हातमोजे रबराचे नकोत, नायट्राइलचे घ्या.

दुरुस्तीत सर्वात मोठं नुकसान कथलाच्या डाखाने होतं. बाळाचा पंख हलतो म्हणून कुणीतरी शिसं-कथलाचा करडा गोळा लावून देतं. दिसायला तो बेढब असतोच, खरा धोका पुढे आहे. नंतर कुणी चांदीचा पक्का डाख लावायला तापवलं की ते शिसं चांदीत उतरतं आणि तिथे भोक पडतं. म्हणून पक्क्या डाखाआधी जुनं कथील पूर्ण काढून टाकायला हवं. दुसरी गोष्ट आपल्या कारागिरांच्या लक्षात आणून द्यावी लागते, कारण त्यांचा हात जास्त शुद्ध चांदीवर बसलेला असतो. ८०० च्या चांदीत वीस टक्के तांबं असतं आणि हे मिश्रण ७७९ अंश सेल्सिअसला वितळायला लागतं. स्टर्लिंग साधारण ८०० अंशांपर्यंत तग धरतं. पक्का डाख ७५० ते ७८० अंशांना वाहतो, म्हणजे वस्तू आणि डाख जवळजवळ एकदमच वितळतील. इथे ७२० अंशांच्या आसपास, लवकर वाहणारा चांदीचा डाखच हवा. तांबं जास्त असल्याने तापवल्यावर करडे-जांभळे डाग उमटतात, म्हणून आधी सगळीकडे टाकणखार आणि बोरिक ॲसिडचा लेप द्यायचा. आणि बैठक भरीव असेल तर ज्वाला तिच्याजवळ नेऊच नका. राळ उकळते, प्लास्टरमधल्या ओलाव्याची वाफ पत्रा फाडते. त्या जागी स्क्रू घट्ट करणं किंवा पुढे काढता येईल असं चिकटवणं बरं.

आता घड्याळ टांगण्याबद्दल. टांगा, स्टँड त्यासाठीच आहे. दिवसा घड्याळ खिशात उभं असतं, रात्री मेजावर आडवं ठेवलं की तोलचक्राचं (चाल ठरवणाऱ्या आतल्या चाकाचं) घर्षण बदलतं आणि चाल बदलते. जुन्या घड्याळात उभ्या-आडव्या स्थितीत दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक पडणं नवलाचं नाही. रात्रीही उभंच राहिलं तर चाल सारखी राहते. पण ते नुसत्या आकड्यावर मोकळं लोंबकळू नये. आतलं तोलचक्र इकडून तिकडे फिरतं तेव्हा मोकळं घड्याळही लंबकासारखं किंचित हलू लागतं आणि वेळ बिघडते. म्हणून पाठ गादीला टेकलेली हवी. गादी सपाट झाली असेल तर तिच्यामागे सुती कापडाची घडी घाला, फोम नको, तो काही वर्षांत भुगा होऊन चिकटतो. मूळ मखमल विटली म्हणून फेकू नका, वस्तूचा इतिहास तिच्यात आहे. नवी गादी वेगळी शिवा आणि जुनी पाकिटात जपून ठेवा.

मापं आधी घ्या. कड्याचं भोक घड्याळाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा दोन ते चार मिलिमीटर लहान आणि तबकडीपेक्षा मोठं असावं. चांदीचं घड्याळ साधारण ८० ते १२० ग्रॅमचं असतं, ते आकडा सहज पेलतो, पण आकड्याची धार घड्याळाच्या कडीला झिजवते. आकड्यावर पातळ रेशमी फीत गुंडाळली की प्रश्न मिटतो. किल्लीचं घड्याळ मागून किल्ली देण्याचं असेल तर ते रोज बाहेर काढावं लागेल. तेव्हा एका हाताने घड्याळ धरून मगच झडप उघडा, उलट क्रमाने केलं की घड्याळ मागे कलंडून पडतं. शेजारी मोबाइल, स्पीकर ठेवू नका. जुन्या घड्याळातली पोलादी केसकमान (तोलचक्राची केसासारखी बारीक कमान) चुंबकत्व धरते आणि घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावू लागतं.

स्टँड शंभर वर्षांहून जुना निघाला तर १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा त्याला लागू होतो. घरी ठेवायला अडचण नाही, पण परदेशी राहणाऱ्या मुलांकडे पाठवायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे चौकशी करा. शंभर वर्षांची पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अशा वस्तूत हस्तिदंताचा चेहरा किंवा मूठ असेल तर तिच्या विक्रीला वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

बनवणाऱ्याचं नाव काढायचं असेल तर प्रत्येक ठशाचा वेगळा फोटो घ्या. उजेड एका बाजूने तिरका, भिंग दहापट, शेजारी मिलिमीटरची पट्टी. त्याआधी ठसे घासू नका. हानाऊच्या कारखान्यांच्या खुणा दोन-तीन मिलिमीटरच्या असतात आणि उथळ मारलेल्या असतात, एका उजळ्यात त्या वाचता न येण्याइतक्या पुसट होतात.